जुनी पॅचर टाका सोडते: काय तपासायचं आणि तिच्याकडून काय मागायचं नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कामठीतलं जोडे-दुरुस्तीचं एक जुनं दुकान बंद झालं आणि तिथून तुम्ही सिंगरची २९के, म्हणजे आपण सगळे जिला पॅचर म्हणतो ती लांब हाताची मशीन घेतली. पायडलवर चालते. एकेरी चामड्यावर बरी शिवते, पण पट्ट्याचे दोन पदर खाली घातले की टाका बारीक होत जातो, मधेच एखादा सुटतो, खालच्या अंगाला धाग्याची जाळी होते आणि वरचा धागा वारंवार तुटतो. एका मिस्त्रीने शटल (खालची बॉबिन धरून वरच्या धाग्याचा फंदा पकडणारा भाग) बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने मोटर लावा म्हणून. तुम्हाला याच मशिनीवर पट्टे आणि बॅगा शिवून धंदा उभा करायचा आहे, तर सुरुवात कुठून करावी?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. मशिनीत बिघाड काय, हा एक. आणि बिघाड नसता तरी हे काम तिने केलं असतं का, हा दुसरा. माझ्याकडे “भाऊ, मशीन टाका सोडून राहिली, पाहून देता का?” म्हणत बरेच जण येतात. त्यांच्यातल्या पुष्कळांची अडचण दुसऱ्या प्रश्नाची असते आणि खर्च मात्र पहिल्यावर चाललेला असतो. म्हणून दुसरा प्रश्न आधी घेतो.

२९के दुरुस्तीसाठी बनलेली आहे. तयार जोड्याच्या आत शिरून फाटका भाग शिवता यावा म्हणून तिचा हात लांब आणि टोकाला बारीक ठेवलाय. आत अडकवलेला जोडा फिरवता येत नाही, म्हणून इथे पायच फिरतो. सुईजवळचा तो दातेरी पाय पूर्ण गोलात कुठेही वळवा, माल त्या दिशेला सरकतो. खालून ओढणारे दात या मशिनीला नाहीतच. पाय उचलला जातो, पुढे जातो, चामड्यावर बसतो आणि त्याला चावून मागे ओढतो. सगळी ओढ वरून.

आता पट्टा घ्या. चार-चार मिलीमीटरचे दोन पदर म्हटले तर आठ मिलीमीटर जाडी झाली. वरचा पदर पाय ओढतो, खालचा पदर त्याच्या मागे फरफटत येतो. जाडी वाढली की पायाला उचलायला जागा कमी उरते, चावा अर्धवट बसतो आणि टाका लहान होतो. चांगल्या व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर दातांचे ठसे उठतात ते वेगळेच, आणि ते पुसले जात नाहीत. बॉबिनही लहान. सरळ लांब पट्टे शिवायला बसलात तर बॉबिन भरण्यातच वेळ जाईल. शिवाय पट्ट्याला जो जाड धागा शोभतो, टिकीट १३ किंवा १० (टिकीटचा आकडा जितका लहान तितका धागा जाड), तो या शटलमधून नीट फिरत नाही. पॅचरची मजल माझ्या मते टिकीट २० पर्यंत, म्हणजे टेक्स १३५ च्या आसपास, आणि ती खूश असते टिकीट ४० वर. रोजच्या कामाला मी तिच्याखाली एकूण पाच-सहा मिलीमीटरच्या वर काही घालू देत नाही. एखादा जाड तुकडा ती कशीबशी ओढून देईलही, पण त्यावर धंदा होत नाही.

थोडक्यात, दोन पदरी पट्टे तिच्यावर नको. बॅगांचे सरळ लांब टाके तिच्यावर घालू नका. पण बॅगेचा कोपरा, मुठीची टोकं, खोल खिसा, तयार बॅगेची उसवलेली चेन, सँडलचा पट्टा, बुटाची कड, या ठिकाणी सपाट टेबलाची महागडी मशीन हात टेकते आणि पॅचर सहज पोचते. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडायच्या असतात तेव्हा दप्तरांच्या दुरुस्तीची कशी झुंबड उडते हे तुम्ही पाहिलं असेलच. ट्रॉली बॅगांचं काम तर बारा महिने आहे. तेव्हा मशीन भंगारात द्यायची नाही. ती दुरुस्त करायची आणि तिच्या कामाला लावायची.

आता बिघाडाकडे येऊ. मशीन माझ्यासमोर नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या हातालाच कळतील. पहिली अट, ती खरी सिंगर आहे की तिची नक्कल. सिंगरच्या नंबरामागचा ‘के’ म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावचा किलबोवी कारखाना. तो १९८० मध्ये बंद झाला, म्हणजे तुमची मशीन कितीही नवी असली तरी चाळिशी ओलांडलेली आहे. अंगावरच्या क्रमांकाआधी एकच अक्षर असेल तर ती ढोबळमानाने १९३५ च्या आधीची, ‘ई’ ने सुरू होणारी दोन अक्षरं असतील तर नंतरची. लुधियानाच्या आणि चिनी नकला याच नमुन्यावर बनल्या आहेत. त्याही वाईट नाहीत, पण त्यांचे भाग खऱ्या सिंगरला कानस न लावता बसतील अशी आशा धरू नका. स्क्रूंचंही तसंच. सिंगरचे आटे तिचे स्वतःचे आहेत, हार्डवेअरच्या दुकानातला मिलीमीटरचा स्क्रू जबरदस्तीने फिरवला की भोकाचा आटा गेला. जुने स्क्रू एका डबीत जपा, आणि खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस वापरा.

माझा क्रम ठरलेला आहे: सुई, धागा, टेन्शन (धाग्यावरचा ताण), मग झीज, मग टायमिंग (सुई आणि शटलची वेळ जुळणं). मोटर या यादीत नाही. शटल बदलण्याचा सल्ला चुकीचाच असेल असं नाही, पण तो चौथ्या पायरीवरचा आहे आणि तुम्हाला पहिल्या पायरीवर दिला गेला.

सुईपासून सुरू करा. तुमच्या मशिनीला सुई लागते २९ बाय ४, चामड्याच्या टोकाची. कापडासाठी तीच २९ बाय ३. पाकिटावर याच सुईला ३३२ असंही लिहिलेलं असतं. शिंप्याच्या मशिनीची सुई दांड्यात घुसते म्हणून ती चालते असं होत नाही. तिची लांबी वेगळी, म्हणजे डोळा वेगळ्या उंचीवर येतो आणि शटलचं टोक फंदा पकडायला येतं तेव्हा तिथे फंदाच नसतो. बंद दुकानातून घेतलेल्या मशिनीत भलतीच सुई बसवलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की आता बाकी काही बघण्याआधी सुईच काढतो. काचेवर ठेवून लोळवा, वाकडी असेल तर लगेच कळेल. बसवताना लांब खाच धागा जिकडून सुईत शिरतो त्या बाजूला, आखूड खाच शटलकडे, आणि सुई वर ठेपेपर्यंत.

जाडी धाग्यावर ठरते. टिकीट ४० ला ११० नंबर, म्हणजे जुन्या मापात १८. टिकीट २० ला १४० नंबर, म्हणजे २२. शंका असेल तर सुई हातात घ्या, तिच्यातून धागा ओवा आणि धागा ताणून तिरका धरा. सुई आपल्या वजनाने घसरत खाली आली पाहिजे. अडकत असेल तर एक नंबर जाड घ्या.

टाका सुटतो कसा, हे एकदा नीट समजून घेतलं की निम्मी डोकेदुखी जाते. सुई तळाला जाते आणि थोडी वर येते. त्या क्षणी धागा चामड्याने धरून ठेवलेला असतो, म्हणून सुईच्या मागे त्याचा छोटा फंदा फुगतो, आणि शटलचं टोक त्यात शिरतं. आता जाड, दमट किंवा चिकट चामड्यात सुई घट्ट बसली असेल आणि वरून पायाचा दाब कमी असेल, तर सुई वर येताना चामड्यालाच सोबत उचलते. धागा, सुई, चामडं सगळं एकत्र वर. मग फंदा फुगायचा कसा? शटल रिकाम्या हाताने निघून जातं. यात शटलचा काही दोष नाही. हातचाक सावकाश फिरवत सुईकडे बघा: सुई वर येताना चामडं उचललं जातंय का? जात असेल तर आधी पायाचा दाब वाढवा, सुई एक नंबर जाड करा, आणि जोडाच्या जागी रापीने कड छिलून जाडी कमी करा. आपल्याकडे पट्ट्यासाठी मिळतं ते बहुतेक म्हशीचं चामडं. त्याचे तंतू मोठे, सुईला धरून ठेवतात. साध्या कापडी टोकाच्या सुईने त्यातून नेमका टाका निघणं कठीणच.

सोल्युशनचंही बघा. पदर चिकटवून ते पुरतं वाळायच्या आत शिवायला घेतलं तर सुईच्या डोळ्यात डिंक जमतो, धागा घासतो आणि तुटतो. मे महिन्यात नागपुरात ते बघता बघता वाळतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तेवढाच वेळ दिला तर आत ओलं राहतं. तुमचा धागा तुटण्याचं एक कारण हे असू शकतं.

दुसरं कारण धागाच. मोच्याच्या हातशिलाईचा मेण लावलेला सुती धागा मशिनीत घालू नका. मेण टेन्शनच्या चकत्यांमध्ये साचतं. बाँडेड, म्हणजे पदर एकमेकांना चिकटवलेला नायलॉन किंवा पॉलिस्टर घ्या, आणि वरच्या धाग्याचा पीळ डावा असला पाहिजे. दुकानदाराला विचारून उपयोग होईल असं नाही, स्वतः बघा. धागा डाव्या चिमटीत धरा आणि उजव्या चिमटीत तोच धागा आपल्याकडे फिरवा. पीळ घट्ट होत गेला तर डावा, उकलत गेला तर उजवा. उजव्या पिळाचा धागा सुईतून जाताना उकलत जातो, त्याचे पदर सुटे होतात, शटलचं टोक त्यातल्या एकात घुसतं आणि धागा फाटतो. बॉबिनमध्ये कुठल्याही पिळाचा चालतो. आणखी एक आपल्या गावची गोष्ट: पारा पंचेचाळीसला टेकला आणि हवा कोरडी झाली की नायलॉनचा कोन उघडा ठेवू नका. धागा तारेसारखा ताठ होतो, वळ्या घेतो, फंदा एका बाजूला कलतो. कोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि शिवताना धाग्याच्या वाटेवर सिलिकॉन तेलाचा थेंब दिलेला फेल्टचा तुकडा ठेवा. उलट कूलरच्या झोतासमोर मशीन ठेवलीत तर आठवड्यात सुईपट्टीवर गंज दिसेल. कूलर ठेवायचाच तर तुमच्या पाठीमागे ठेवा.

आता खालची जाळी. नवखा माणूस जाळी खाली दिसते म्हणून बॉबिनचा स्क्रू पिळत बसतो. खाली जाळी म्हणजे वरचा धागा सैल. पॅचरमध्ये याचं एक खास कारण असतं. वरचा धागा सुईच्या दांड्याच्या पोकळीतून आतून खाली उतरतो, आणि तो उतरवायला एक लांब आकड्याची तार लागते. ती तार मशिनीसोबत क्वचितच येते. मग लोक धागा बाहेरूनच सुईपर्यंत नेतात, एखादा टप्पा चुकवतात, आणि वर खेचणाऱ्या दांडीचा त्याच्यावरचा ताबा जातो. स्कूटरच्या जुन्या ब्रेकवायरचा एक बारीक पदर काढून टोकाला आकडा वळवा, काम भागतं. त्यानंतर टेन्शनच्या दोन्ही चकत्या काढून पुसा. आतल्या बाजूला धाग्याने चर पाडला असेल किंवा गंजाचा खरखरीतपणा असेल तर हजार-दोन हजार नंबरच्या पॉलिश कागदाने गुळगुळीत करा. चर खोलच असेल तर चकत्या बदला, स्वस्तातली गोष्ट आहे.

टेन्शन लावताना आधी बॉबिन. धागा हाताने ओढल्यावर अडथळ्याशिवाय, पण किंचित विरोध देत यायला हवा. ते एकदा ठरलं की त्याला परत हात लावायचा नाही. मग वरचं टेन्शन थोडं थोडं वाढवत जा, गाठ चामड्याच्या जाडीच्या मधोमध लपेपर्यंत. तपासायला तीन-चार मिलीमीटरचा तुकडा घ्या. पातळ तुकड्यात गाठ लपायला जागाच नसते आणि माणूस उगाच टेन्शनच्या मागे लागतो.

एवढं करून एकेरी आणि तीन-चार मिलीमीटरच्या चामड्यावर टाका स्वच्छ येत असेल, तर मशिनीला फार मोठा आजार नाही. येत नसेल तर झीज बघू. पॅचरची खरी कथा इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

या मशिनीचं शटल गोल फिरत नाही, ते पुढे-मागे झोके घेतं. झोका त्याला मिळतो हाताच्या आतून येणाऱ्या दातेरी पट्टीकडून, म्हणजे रॅककडून, आणि टोकाजवळच्या लहानशा दातेरी चाकाकडून, म्हणजे पिनियनकडून. हात बारीक ठेवायचा म्हणून हे सगळे भागही बारीक. त्यांचे दात झिजले की चाक आणि शटल यांच्यात मोकळी फट तयार होते, अगदी चेन ढिली झालेल्या सायकलसारखी: पायडल थोडं फिरतं, चाक मागाहून. शटल कधी वेळेवर पोचतं, कधी उशिरा. म्हणून टाका नेमाने सुटत नाही, मधूनच सुटतो. तुम्ही लिहिलेलं “मधेच एखादा” हे लक्षण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

तपासणी सोपी आहे. सुईपट्टी काढा, सुई तळाला आणा, एका हाताने चाक घट्ट धरा आणि चिमट्याने शटल पुढे-मागे हलवून बघा. केसभर हलणं या वयात चालायचंच. टोक दीड-दोन मिलीमीटर हलत असेल तर पिनियन आणि शटल बदलायच्या यादीत टाका. पिनियन बाजारात मिळतो. रॅकचे दात मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठे करून बघा. टोकदार दिसले तर तोही गेला. पहिल्या मिस्त्रीने शटल बदला म्हटलं ते इथे लागू पडू शकतं, पण झिजलेल्या पिनियनवर नुसतं नवं शटल बसवलं तर सैलपणा तसाच राहतो आणि पैसे गेल्यावर तुम्ही म्हणता, नवं शटलही खराब निघालं.

दुसरी झीज टाक्याच्या लांबीची. टाका सर्वांत लांब करा, धागा काढून टाका, दोन मिलीमीटरच्या चामड्याच्या तुकड्यावर मशीन चालवा आणि एका इंचात किती भोकं पडली ते मोजा. चांगल्या स्थितीतली २९के इंचाला पाचाच्या आसपास टाके देते. आठ किंवा जास्त पडत असतील तर पायाला पुढे-मागे नेणारा तो कोपऱ्यात वळलेला लिव्हर आणि तो जिथे घासतो ती जागा झिजली आहे. चाकाकडची ओढ पायापर्यंत पूर्ण पोचत नाही. यावर नवा लिव्हर घालणं हा सरळ उपाय. मिळाला नाही तर झिजलेल्या जागी पितळ वितळवून भर घालून (ब्रेझिंग), कानसीने घासून मूळ आकारात आणता येतं. हे काम मात्र ज्याने पॅचरचा चांगला लिव्हर पाहिलाय अशाच माणसाकडून करून घ्या, नुसत्या वेल्डरकडून नको. जास्त भरलं तर मशीन जाम होते.

टायमिंगबद्दल थोडंच सांगतो, कारण वापरात असलेल्या पॅचरचं टायमिंग आपोआप क्वचित सरकतं. कुणीतरी उघडून परत बसवताना एक दात चुकवला असेल तर वेगळं. साधारण नियम असा: सुई तळाला जाऊन दोन-अडीच मिलीमीटर वर आली की शटलचं टोक तिच्यामागे, डोळ्याच्या किंचित वर आलेलं हवं, आणि सुई व टोक यांच्यात कागदाएवढी फट. हे बघताना सुई नवी आणि योग्य नंबरची हवी, नाहीतर सगळं मोजमाप फुकट. टोकावर नख फिरवून बघा. खडबडीत लागलं तर बारीक पॉलिश कागदाने हलकेच गुळगुळीत करा. धार काढायला जाऊ नका, टोक आखूड झालं की शटल बाद.

साफसफाईत एकच गोष्ट जोर देऊन सांगेन. मशीन जड फिरत असेल तर गंजापेक्षा वाळलेल्या तेलाचा संशय धरा. घरात जे असेल ते तेल मशिनीला घालायची आपली पद्धत. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं, आणि डिसेंबरच्या सकाळी नागपुरात पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा मशीन हलेनाशी होते आणि दुपारी आपोआप सुटते. असा अनुभव आला तर कारण शोधायला लांब जायला नको. जवसाचं तेल त्याहून वाईट. ते हवेत वाळून वार्निशच बनतं, म्हणून तर रंगात घालतात. उपाय म्हणजे रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाईन, जुना दात घासायचा ब्रश, हेअर ड्रायरची ऊब आणि संयम. थोडं थोडं चाक फिरवा, हातोडी लांब ठेवा. सुटल्यावर पुसून मशीनचंच पातळ तेल द्या. सोनेरी नक्षी शिल्लक असेल तर त्या भागाला स्पिरिट किंवा थिनर लावू नका. जुन्या सिंगरवरचा लाखेचा थर स्पिरिटने विरघळतो आणि नक्षी जाते. तिथे मशीनचं तेल आणि मऊ कापड पुरेसं आहे.

आणि मोटर. पॅचरला मोटर लावायच्या मी विरोधात आहे, अपवाद फक्त पायाची अडचण असलेल्या माणसाचा. झोके घेणारं शटल आणि बारीक दात वेगाने चालवले की आत्ता सांगितलेली झीज दुपटीने ओढवून घ्याल. हिशेब करून बघा. क्लच मोटर (कायम एकाच वेगाने फिरणारी) मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिच्यावर अडीच इंची पुली आणि समजा मशिनीचं चाक दहा इंची, तर मिनिटाला ३६० टाके. दुरुस्तीच्या कामात तुम्ही एकेक टाका मोजून टाकत असता, तिथे हा वेग काय कामाचा? लावायचीच असेल तर सर्व्हो मोटर (वेग कमी-जास्त करता येणारी) घ्या, दोन इंची पुली लावा. मोटर २०० फेऱ्यांवर सुरू होत असेल तर त्याच चाकावर मिनिटाला चाळीस टाके मिळतील, आणि वरची मर्यादा बटणावर बांधून टाका. तुमच्या तक्रारींपैकी एकही तक्रार मोटरने सुटणार नाही. जाळी होईल, फक्त लवकर होईल.

पायडलच्या चामडी पट्ट्याकडेही बघा. उन्हाळ्यात तो आखडतो आणि कडक होऊन तडकतो, पावसाळ्यात सैल पडून घसरतो. घसरणाऱ्या पट्ट्यामुळे जाड जागी चाक अडतं आणि माणूस मशिनीला दोष देतो.

राहिले तुमचे पट्टे आणि बॅगा. त्यासाठी दुसरी मशीन लागेल, आणि ती कोणती हे तुम्ही नक्की काय शिवणार यावर ठरेल. बॅगा, पाकिटं, अस्तर लावलेले हलके पट्टे, एकूण सहा-सात मिलीमीटरपर्यंत, असं काम असेल तर तिहेरी फीडची जुनी मशीन बघा: सिंगर १११डब्ल्यू१५५, फाफ १४५, जुकी एलयू-५६३ या जातीच्या. यांत दोन्ही पाय, खालचे दात आणि सुई असे सगळे मिळून माल पुढे नेतात, त्यामुळे पदर सरकत नाहीत. १११डब्ल्यू१५५ ला चामड्यासाठी १३५ बाय १६ सुई लागते, कापडासाठी १३५ बाय १७, आणि या सुया सहज मिळतात. पण दोन पदरी जाड पट्टे आणि टिकीट १३ पेक्षाही जाड धागा हाच तुमचा मुख्य माल असेल, तर तिहेरी फीडवरही जबरदस्ती होईल. मग सिंगर ४५के किंवा आडलर २०५ सारखी संथ, अवजड मशीन शोधावी लागेल. तोपर्यंत पट्टे आरीने भोकं पाडून दोन सुयांनी हाताने शिवा. गिऱ्हाईक हातशिलाईचे पैसे वेगळे देतं, हेही ध्यानात ठेवा.

जुनी तिहेरी फीड विकत घेताना एक फसवणूक टाळा. साध्या शिलाई मशिनीला रोलर किंवा टेफ्लॉनचा पाय लावून “वॉकिंग फूट आहे”, म्हणजे पायही माल ओढतो, असं सांगून विकतात. हातचाक सावकाश फिरवा आणि सुई मालात असताना तिच्याकडे बघा. सुई स्वतः मालाबरोबर मागे सरकली तर ती खरी, जागच्या जागी वरखालीच झाली तर साधी. बघायला जाताना स्वतःच्या चामड्याचे तुकडे आणि स्वतःचा धागा घेऊन जा. विकणारा नेहमी मऊ रेक्झिनवर शिवून दाखवतो. १११ च्या खालच्या दांड्यावर सेफ्टी क्लच असतो. धागा अडकला की तो सुटतो आणि शटल वाचवतो. मशीन चालते पण शटल फिरत नाही असं दिसलं, तर ती बिघडलीच आहे असं समजू नका. क्लच सुटलेला असू शकतो, आणि अशी मशीन कमी भावात पदरात पडते. तो परत कसा बसवायचा, हे त्या मशिनीच्या पुस्तिकेत असतं.

पॅचरचं आधी सुई-धाग्यापर्यंतचं करून बघा. मग शटल किती हलतं आणि इंचाला किती भोकं पडतात हे दोन आकडे कळवा, सोबत रॅकचा आणि शटलच्या टोकाचा फोटो. पिनियन घ्यायचा की नाही, हे त्यावर सांगता येईल.